पुट अप

निजामाच्या अमदानीत आदिलाबादची दफ्तरे उर्दूत चालत, आणि मिसल, म्हणजे प्रकरणाच्या कागदांचे गाठोडे, हाकिमापुढे 'पेश' होत असे. या एका क्रियेपायी पेशकार नावाचा स्वतंत्र इसम पोसला जाई. 1948 साली संस्थान विलीन झाले, 1956 साली राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके जिल्ह्यातून तुटून पलीकडे गेले, 2014 साली तेलंगण झाले, 2016 साली उरलेल्या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले; या सर्व उलथापालथीत पेशकार कोठे गडप झाला ते देव जाणे, परंतु त्याच्या गादीवर जे इंग्रजी क्रियापद येऊन बसले आहे ते काही केल्या उठत नाही. 'पुट अप' हे त्याचे नाव.

कोशात पाहावे तर या गृहस्थाचे उद्योग अनेक. पाहुण्याची उतरण्याची सोय करणे, मांडव उभारणे, निवडणुकीस उमेदवार उभा करणे, मालमत्ता लिलावात काढणे; आणि पाठीस 'विथ' हे शेपूट लागले की निमूटपणे सहन करणे. एकाच अर्जदारास यांतील निदान दोन अर्थांचा प्रत्यक्ष अनुभव घडविण्याचे सामर्थ्य केवळ सरकारी कचेरीत असते. कारण मिसल पुट अप होईतो बेला गावाहून आलेल्या मनुष्यास कोणाच्या तरी ओसरीवर पुट अप व्हावे लागते, आणि यजमानीणबाईंचे टोमणे पुट अप विथ करावे लागतात. मराठीनेही या बाबतीत फारसा तोरा मिरवू नये. 'करून देतो', 'करून टाकतो' आणि 'करून ठेवतो' या तीन आश्वासनांत किती महिन्यांचे अंतर असते, हे जाणण्यास व्याकरण नव्हे, अनुभव लागतो.

आमच्या एका वयोवृद्ध आप्ताच्या पहाणीत, म्हणजे जमिनीच्या नोंदीत, नावाची चूक होती, म्हणून मी त्यांजबरोबर एका कचेरीत गेलो. लिपिक तेलुगूभाषी, सालस आणि आज्ञाधारक; उर्दू त्याला येई, मराठी कळे. साहेबांचा 'पुट अप' हा शेरा त्याने अक्षरशः अमलात आणला होता: 'पुट' म्हणजे ठेवणे, 'अप' म्हणजे वर, सबब मिसल कपाटाच्या माथ्यावर विराजमान होती. आप्तांनी मान उंचावून तिचे दर्शन घेतले आणि अत्यंत अदबीने विनंती केली, "साहेब, वर कायले ठेवता? खालीच राहू द्या, दिसत तरी राहीन."

लिपिकास ते पटले असावे. स्टुलावर चढून त्याने गाठोडे उतरविले, धूळ झाडली, दोरी सोडली. आतून भलत्याच गावची मिसल निघाली, आणि तिच्यावरही लाल शाईत तोच शेरा होता.