उतरता क्रम

आमच्या गाडीचे दिवे बंद नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. बल्ब नवे, बॅटरी नवी, वायरिंग ठीकठाक. पण दिव्यांवरची प्लॅस्टिकची काच पिवळी पडून अशी धुरकटली होती की मी लाइट लावलेत हे समोरच्याला कळावं म्हणून हॉर्न वाजवावा लागे. शाहपूरच्या चौकातल्या पंक्चरवाल्यानं एकदा वाकून नीट पाहिलं आणि विचारलं, "मास्साब, लाइट है कि अगरबत्ती?"

आता आमच्या रस्त्याला अगरबत्ती परवडत नाही. एका अंगाला बुऱ्हाणपूर, दुसऱ्या अंगाला इच्छापूर आणि तिथून पुढं लगेच महाराष्ट्र. रात्री या रस्त्यावर केळीचे ट्रक धावतात, आणि असे धावतात की पुढच्या वळणापर्यंत माल पिकून जाणार आहे. त्यांचे लाइट थेट आपल्या डोळ्यांत. आपले त्यांच्या बंपरपर्यंतही पोचत नाहीत.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. अँबॅसडरच्या दिव्याला खरी काच असे; फुटली तर फुटली, पिवळी पडत नसे. अमेरिकेनं १९८३ साली प्लॅस्टिकच्या काचेच्या दिव्यांना परवानगी दिली आणि हळूहळू सगळ्या जगाच्या गाड्यांना पॉलिकार्बोनेटचे डोळे आले. हलकं, हवा तसा आकार घेणारं, खडा उडून लागला तरी न फुटणारं. त्याचं वाकडं फक्त उन्हाशी. म्हणून कारखान्यात त्याच्यावर एक टणक पारदर्शक थर देतात आणि वर्षानुवर्षं ऊन तो थर खात बसतं. आमच्याकडं वैशाखात पारा ४५पर्यंत जातो. त्यात घरी पत्र्याची सावली एकच आणि तिच्याखाली म्हैस. गाडी उन्हात का, असं मी एकदा विचारलं तेव्हा सौ.नं सांगितलं, "गाडी दूध देते का?"

मुक्ताईनगरला साडूच्या मुलीची हळद होती आणि ती संध्याकाळची होती. म्हणजे जाताना अंधार. डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडं गेलो. तो माझा जुना विद्यार्थी. सातवीत त्याला अपूर्णांकांनी छळलं होतं, म्हणजे अपूर्णांकांच्या वतीनं मी. त्यानं दोन्ही काचांचे सहाशे रुपये सांगितले.

"करणार काय?" मी विचारलं.

"पाण्याचा पेपर मारायचा गुरुजी, मग रबिंग, मग वरून क्लिअर."

पेपर मारायचे सहाशे! एकतीस वर्षं मी पेपरच तपासले होते. "बघतो," म्हणून उठलो आणि थेट हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

दुकानदारानं विचारलं, "कौन से नंबर का?" मी रुबाबात म्हणालो, "सगळ्या नंबरांचा एकेक." त्यानं २०००, १०००, ४०० आणि १२० असे ठेवले. दोन नंबर त्याच्याकडं संपले होते. मला वाईट वाटलं नाही. गणिताच्या मास्तराला चार संख्या मिळाल्या की क्रम लावता येतो. कामाचा नियमही साधा: आधी जाड, मग बारीक. मोठा नंबर तो जाड, लहान नंबर तो बारीक. या तर्कात कुठं खोट असेल अशी शंका मला आली नाही, वाचकांना आली असेल तर त्यांनी दुसऱ्या कुणाकडं गणित शिकलं असणार.

अंगणात बादली घेऊन बसलो. २००० नंबर फारच मऊ लागला. "कंपनीनं फसवलं," मी म्हणालो. १००० नं जरा पकड घेतली. ४०० आल्यावर काचेवरून पिवळं पाणी ओघळायला लागलं आणि माझ्या अंगात जोर संचारला. ज्या थराला खायला उन्हाला वर्षं लागली, तो मी दुपारच्या चहाआधी संपवला. शेवटी १२० घेतला. खरर्र आवाज आला. बारीक काम म्हटल्यावर थोडा आवाज व्हायचाच.

सौ. तांदूळ निवडत होती. तिनं एकदा मान वर करून माझ्या हातातल्या पेपरकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा तांदळाकडं वळली.

सगळं झाल्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि काय सांगू! काच आरपार. आतला बल्ब, त्यामागची चकचकीत वाटी, सगळं लख्ख. मी शेजाऱ्यांना हाका मारल्या. ते चपला घालून, कुंपणाला वळसा घालून येईपर्यंत वैशाखाच्या उन्हानं काच वाळली. दोन पांढरेफटक गोळे. आधी निदान अगरबत्ती होती. आता नुसती राख. शेजारी म्हणाले, "रंग दिला का?"

यात चमत्कार काही नाही. घासलेल्या प्लॅस्टिकवर बारीक चरे पडतात आणि उजेड त्यात सैरावैरा फुटतो. पाणी चऱ्यांत भरलं की पृष्ठभाग सपाट होतो, शिवाय उजेडाला प्लॅस्टिकमधून पाण्यात जाताना हवेइतका हिसका बसत नाही. म्हणून ओली काच स्वच्छ दिसते. हे मला नंतर नीट सुचलं. त्या क्षणी सुचलं ते एवढंच, की मुक्ताईनगरपर्यंत काच ओली ठेवायची.

रात्री आमची गाडी निघाली ती अशी: मी चालवतोय, सौ. मांडीवर जरीचं लुगडं सावरत पायाशी पाण्याचा कॅन घेऊन. थोडं अंतर गेलं की दिवे पांढरे पडत. मी गाडी कडेला घेई, उतरे, दोन्ही दिव्यांवर तांब्यानं पाणी घाली आणि पळत येऊन बसे. बल्बच्या उष्णतेनं आणि वाऱ्यानं ते पाणी मी बसेपर्यंतच निम्मं वाळलेलं असे. इच्छापूरच्या अलीकडं, देवीचा डोंगर समोर आणि मी वाकून गाडीला पाणी घालतोय असं पाहून एक ट्रक थांबला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, हात जोडले आणि अदबीनं विचारलं, "बाबूजी, मन्नत की गाडी है?" सौ.नं आतून उत्तर दिलं, "हो."

मग तो भला माणूस पुरनाड फाट्यापर्यंत आमच्या पुढं चालला, त्याच्या उजेडात आम्ही. हळद लागून गेली होती. जेवण मिळालं.

दुसऱ्या दिवशी, दिवसाउजेडी, गाडी विद्यार्थ्याच्या दारात लावली. त्यानं काचेवरून बोट फिरवलं. "गुरुजी, शेवटी कोणता पेपर मारला?"

"१२०."

तो बराच वेळ गप्प होता. सातवीत मी प्रश्न विचारल्यावर असाच गप्प राहायचा. मग म्हणाला, "पेपरचा नंबर उलटा चालतो. सुताचा काउंट नाही का? वीसचं सूत जाड, साठचं बारीक. तसंच."

सौ. माहेरची बुऱ्हाणपूरची. वडिलांचे पॉवरलूम होते. काउंट तिला पाढ्यांच्या आधी येत होते. मी तिच्याकडं वळलो. "तुला माहीत होतं?"

"तुम्ही विचारलं कुठं?" ती म्हणाली. "आणि मला वाटलं, गणितातलं काही असेल."

पोरानं काम मात्र झकास केलं. आधी दिव्यांभोवती मास्किंग टेप लावली. मी ती न लावल्यामुळं बॉनेटच्या कडेचा रंगही बारीक कामात गेला होता. मग ४००, ८००, १५००, २०००, ३००० असा चढता क्रम, प्रत्येक वेळी आधीचे चरे पूर्ण जाईपर्यंत. मग रबिंग कंपाउंड आणि बफिंग. शेवटी क्लिअरचा फवारा. "हा नाही मारला तर काच उघडी पडते गुरुजी. वर्ष काढत नाही, पुन्हा पिवळी."

माझ्याच उरलेल्या १२० नंबरच्या पेपरच्या पाठीवर त्यानं हिशेब मांडला. काचा ६००, बॉनेटची कड २५०, पेपर ८०. खाली बेरीज ८३०.

सवय वाईट. मी खिशातला लाल पेन काढला, बेरजेवर गोल केला आणि म्हणालो, "अजून चुकतोसच. ९३० होतात."

"चुकलो नव्हतो," तो म्हणाला. "शंभर तुमचे म्हणून सोडले होते. पण आता तुम्हीच तपासलंय तर…" आणि त्यानं ९३० घेतले.