चिन्हशास्त्री

ज्या कचेरीत 'सी' भाषेतील मजकूर दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्यावाचून मुख्य दप्तरी दाखल होत नाही, त्या प्रत्येक कचेरीत एक चिन्हशास्त्री असतोच. पगारपत्रकावर त्याचा हुद्दा काहीही असो, त्याचे खरे अवतारकार्य एकच: कोठे नुसता 'चार' लिहिलेला आढळला की, जन्मदाखल्यावाचून शाळेत आणलेल्या मुलाकडे हेडमास्तरांनी पाहावे तसे त्याकडे पाहून विचारणे, "हा साइन्ड की अनसाइन्ड?" या प्रश्नाचे उत्तर भाषेने स्वतः न देता कंपायलर रचणाऱ्याच्या मर्जीवर सोपवले आहे, हे त्याच्या आयुष्यातील मोठे दुःख आणि, खरे सांगायचे तर, तेवढेच मोठे सुख. इंटेलच्या यंत्रावर हा चार बहुधा -128 ते 127, तर एआरएमच्या लिनक्सवर 0 ते 255; आणि पीडीपी-11च्या काळापासून बाइटाच्या डोक्यावरचे चिन्ह कसे पसरत आले, हे तो घराण्याची वंशावळ सांगावी तशा अभिमानाने सांगतो. 255 हा बाइट एके ठिकाणी -1 होऊन फाइल मध्येच संपवतो, तर दुसरीकडे तीच चूक फाइल कधी संपूच देत नाही, याचे त्याला वाटणारे कौतुक नातवाच्या खोडीवर खूश होणाऱ्या आजोबांच्या जातीचे.

परवा एका नवशिक्या तरुणाने देवनागरी अक्षर ओळखण्यासाठी पहिला बाइट 224शी ताडून पाहिला. यूटीएफ-8मध्ये 'क' म्हणजे 224, 164, 149 हे तीन बाइट, तेव्हा तपशिलात खोट नव्हती; तरीही तरुणाच्या लॅपटॉपवर 'क' हा 'क' नव्हेच असा निकाल येई, आणि एआरएमच्या बोर्डावर तोच 'क' निमूटपणे ओळख देई. दोन रात्री जागून तरुण शरण आला, तेव्हा शास्त्रीबोवांनी आधी चहा मागवला.

"अरे बाबा, तुलनेआधी दोघांचाही इंट होतो. तुझा 'क' उणे बत्तीस होऊन दारात उभा. दोनशे चोवीस त्याला ओळखणार कसा? अनसाइन्ड लिही आणि झोप."

तरुणाने कृतज्ञतेने मान डोलावली, आणि मग अत्यंत विनयाने विचारले, की ही ओळ आपण ज्या जुन्या फाइलीतून उतरवून घेतली, तिच्या माथ्यावर आद्याक्षरे मात्र शास्त्रीबोवांचीच कशी. शास्त्रीबोवांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि चहा अजून का आला नाही याची जातीने चौकशी करण्यास ते उठले.