फीचं मग बघू

लहान आर्किटेक्टच्या ऑफिसात उच्चारलं जाणारं सर्वांत उदात्त वाक्य म्हणजे ‘फीचं मग बघू.’ हे वाक्य क्लायंट म्हणतो असा बाहेर समज आहे, तो खोटा. क्लायंट पहिल्याच भेटीत, चहा संपता संपता, सरळ विचारतो, ‘सर, तुमचं कसं असतं?’ प्लंबरला विचारतो तसंच विचारतो. कदाचित खिशात चेकबुकही घेऊन आलेला असतो. त्या क्षणी टेबलापलीकडचा माणूस कानापर्यंत लाल होतो, पुढ्यातला ट्रेसिंग पेपर उगाच सरळ करतो आणि म्हणतो, ‘ते होईल हो. आधी काम तर पसंत पडू दे.’ पाच वर्षांचं बी.आर्क., रात्र रात्र जागून केलेली सबमिशन्स, जूरीपुढे खाल्लेली बोलणी, या सगळ्याचं सार त्या वाक्यात उतरलेलं असतं. त्याची थोरवी अजून कोणी नीट गायलेली नाही.

पहिला मान फुकट स्केचचा. ‘फक्त एक कच्चं काढून द्या, घरच्यांना दाखवतो,’ असं कोणी म्हटलं की सगळं ऑफिस कामाला लागतं. कच्चं म्हणजे तळमजला, पहिला मजला, गच्ची, जिन्याखालचं देवघर, याचे दोन पर्याय, आणि एक थ्रीडी. कारण थ्रीडीशिवाय वडिलांना समजत नाही. आता समजा, ऑफिसात मालक आणि दोन ज्युनिअर आहेत. भाडं, पगार, वीज, सॉफ्टवेअर मिळून महिन्याचा खर्च १ लाख ८० हजार. तिघांचे कामाचे तास ६००. म्हणजे तास ३०० रुपयांना पडला, आणि त्यात मालकाने स्वतःचा पगार धरलेला नाही, कारण तसा धरायची पद्धत नाही. कच्च्या स्केचला ६० तास गेले की १८,००० रुपये झाले. एका अनोळखी कुटुंबाला १८,००० रुपये देऊन वर चहा पाजायला दानत लागते. कुठल्या सराफाने ‘पसंत पडल्या तर पैसे द्या’ म्हणून पाटल्या घडवून घरी पाठवल्याचं ऐकिवात नाही. आणि आर्किटेक्टच्या दानात अहंकाराला जागाच नसते, कारण हा हिशेब तो कधी मांडत नाही.

त्याच प्लॉटवर वास्तुतज्ज्ञही येऊन जातात. होकायंत्र काढतात, स्वयंपाकघर आग्नेयेला न्या म्हणतात, तासाभरात निघतात आणि निघताना पाकीट घेतात. पाकिटात किती, हे फोनवरच ठरलेलं असतं. मग स्वयंपाकघर आग्नेयेला नेऊन सगळा प्लॅन पुन्हा काढायचा असतो. ते काम आर्किटेक्टकडे येतं आणि ते कच्च्या स्केचमध्येच धरतात.

करारपत्र न करण्याचा गुण याहून दुर्मीळ, पण आपल्याकडे तो मुबलक आहे. संसदेने १९७२ साली वास्तुविशारदांसाठी कायदा केला, त्यातून वास्तुकला परिषद आली. परिषदेने १९८९ मध्ये व्यावसायिक आचरणाचे नियम केले आणि परिषदेच्या नेमणुकीच्या अटी व फीचं प्रमाण पाळणं हे नोंदणीकृत आर्किटेक्टचं कर्तव्य ठरवलं. त्या अटींत टप्पे दिलेले आहेत. नेमणूक होताच पहिला हप्ता, मग संकल्पना, प्राथमिक आराखडे, मंजुरीची ड्रॉइंग, कामाची ड्रॉइंग, टेंडर, बांधकाम, पूर्णत्व. प्रत्येक टप्प्याला फीचा ठरावीक हिस्सा. एका धंद्याला वसुलीचं वेळापत्रक इतकं आयतं मिळालेलं क्वचितच पाहायला मिळतं. ते न वापरण्यासाठी मोठा संयम लागतो. ‘करार काढला तर विश्वास नाही असं वाटेल,’ असं म्हणून तो संयम पाळला जातो. याच क्लायंटने गृहकर्जासाठी बँकेच्या कागदांच्या गठ्ठ्यावर पानापानावर सह्या केलेल्या असतात आणि बँकेवरचा त्याचा विश्वास तसूभरही ढळलेला नसतो. पण आर्किटेक्टचं नातं घरचं. घरच्या माणसाकडून फार तर तोंडी शब्द घ्यायचा, आणि तोही ‘घराची वास्तुशांत झाली की तुम्हाला खूश करू’ असा.

करार नसल्यामुळे कामाला सीमा राहत नाही, हा त्याचा मोठा फायदा. मंजुरीसाठी प्लॅन दाखल झाल्यावर मेहुण्यांना बाल्कनी मोठी हवी होते. जोत्यापर्यंत काम आल्यावर लिफ्ट घालायचं ठरतं. स्लॅब पडल्यावर इंटिरिअरचं ‘जरा बघून’ द्यायचं असतं. मुळात काय ठरलं होतं हे कुठेही लिहिलेलं नसल्याने प्रत्येक नवी गोष्ट मूळ ठरलेल्यातच बसते. फी तेवढी मूळचीच राहते. कधी कधी तीही ठरलेली नसते.

पुढे ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर पीडीएफ म्हणून जातात आणि तिथून कंत्राटदाराच्या ओळखीच्या ड्राफ्ट्समनकडे. १९५७ चा कॉपीराइट कायदा वास्तुरचनेला आणि तिच्या आराखड्यांना कलाकृती मानतो, हे त्या ड्राफ्ट्समनला ठाऊक नसतं. आर्किटेक्टला असतं, पण तो बोलत नाही. बोलल्याने नाव खराब होतं असं ज्येष्ठांनी सांगून ठेवलं आहे. शेजारच्या गल्लीत आपल्याच प्लॅनचं घर उभं राहिलेलं पाहून तो फक्त एवढं म्हणतो की खिडकीचं प्रमाण चुकलंय.

मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की १९७२ चा कायदा नोंदणी नसलेल्याला ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावू देत नाही; आर्किटेक्टचं काम करायला मात्र त्याला मज्जाव करत नाही. याचा अर्थ, या पेशाकडे हक्काची वस्तू एकच आहे, ती म्हणजे पाटीवरचा शब्द. शहाण्या माणसाने अशा वेळी आपलं काम दुसऱ्यापेक्षा काय वेगळं देतं आणि त्याचे किती पैसे होतात, हे लिहून क्लायंटपुढे ठेवलं असतं. आपण दर चौरस फुटाचा भाव आणखी उतरवतो.

करभरणीतलं औदार्य तर सरकारी गौरवास पात्र आहे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटीची नोंदणी आली, आर्किटेक्टच्या सेवेवर दर १८ टक्के. समजा, २८ तारखेला ५ लाखांचं बिल काढलं. त्यावर कर ९०,००० रुपये. बिल निघालं की कर लागू झाला. फी मिळाली की नाही हे तिथे कोणी विचारत नाही. दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत ही रक्कम भरावी लागते. क्लायंटचा चेक दिवाळीनंतर येणार असतो. मधल्या काळात आर्किटेक्ट क्लायंटच्या वाटचा कर सरकारला उसना देतो, त्यासाठी घरातली एफडी मोडतो आणि कोणाकडेही व्याज मागत नाही. चेक येतो तेव्हा ५ लाखांवरचे दहा टक्के टीडीएस म्हणून आधीच कापलेले असतात. यावर बिल महिनाअखेरीला न काढता पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला काढणं, आधी प्रोफॉर्मा पाठवून पैसे आल्यावर कराचं बिल करणं, असे साधे मार्ग कोणताही सीए दहा मिनिटांत सांगतो. पण सीएला भेटायला जुलै उजाडावा लागतो, आणि तोपर्यंत त्याचीही गेल्या वर्षीची फी थकलेली असते.

सर्वांत मोठा त्याग बिल्डरच्या कामात दिसतो. २०१६ च्या रेरा कायद्याने ग्राहकांकडून येणाऱ्या रकमेतला ७० टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवायला लावला आहे. त्यातून पैसे काढायचे तर काम किती झालं याचं प्रमाणपत्र लागतं. इंजिनिअरचं, सीएचं आणि आर्किटेक्टचं. म्हणजे बिल्डरची तिजोरी तीन किल्ल्यांची आहे आणि त्यातली एक किल्ली आपल्या आर्किटेक्टच्या खिशात आहे. तो सही करतो. खात्यातून कोटी सुटतात, सिमेंटवाल्याचे, सळईवाल्याचे, ब्रोकरचे पैसे निघतात. त्याच टेबलावर त्याचं स्वतःचं थकलेलं बिल पेपरवेटखाली असतं आणि तो त्याविषयी अवाक्षर काढत नाही. सही अडवून ठेवायला कोणी सांगत नाही. खरं काम झालं असेल तर सही करणं हे त्याचं कर्तव्यच आहे. पण सही करताना ‘आणि माझं बिल?’ हे तीन शब्द उच्चारायला कुठल्याही नियमाची आडकाठी नाही.

उशिरा येणाऱ्या पैशांसाठीही कायदा आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याखाली लहान ऑफिसलाही उद्यम नोंदणी मिळते, आणि तिला एक रुपया लागत नाही. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. शिवाय आता आयकर कायद्यातच अशी तरतूद आहे की सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च वजा दाखवता येत नाही. बिल्डरच्या अकाउंटंटला ही तरतूद पाठ असते, म्हणून वर्षअखेर जवळ आली की तो फोन करून विचारतो, ‘सर, तुमचं उद्यम आहे का हो?’ आर्किटेक्ट प्रांजळपणे म्हणतो, ‘नाही, ते करायचं राहिलंय.’ अकाउंटंट सुटकेचा श्वास टाकतो. दुसऱ्याला इतकी निखळ शांती देणारं उत्तर देता येणं ही साधी गोष्ट नाही.

या सगळ्या दातृत्वाचा खर्च कुठून भागतो, असा प्रश्न कोत्या मनाला पडेल. तो भागतो ऑफिसातल्या मुलांकडून. इंटर्नला विद्यावेतन कधी मिळतं, कधी ‘अनुभव’ मिळतो. पाच वर्षं शिकून आलेल्या मुलीचा पगार महिन्याच्या एक तारखेला होतो की बारा तारखेला, हे कोणा क्लायंटची वास्तुशांत कधी आहे यावर ठरतं. ती खोलीचं भाडं देते, मेसचे पैसे देते, आणि तिच्या खोलीमालकाने कधी ‘भाड्याचं मग बघू’ म्हटलेलं नाही. रात्री साडेनऊला ती टॉयलेटचं टाइल-ड्रॉइंग तिसऱ्यांदा बदलत असते, कारण मेहुण्यांचं मत बदललं आहे. हात चांगला असतो तिचा, जागेची जाण असते. अशी कितीतरी मुलं दोन-तीन वर्षांत थ्रीडी स्टुडिओत किंवा मॉड्युलर किचनच्या शोरूमला जातात, आणि ऑफिसात त्यांच्याविषयी बोललं जातं की हल्लीच्या मुलांना आर्किटेक्चरची आस राहिलेली नाही.

परंपरा टिकवायची असेल तर नव्या माणसांची निवड जपून करावी. मुलाखतीत पोर्टफोलिओ बघावा, सेक्शन काढता येतो का ते बघावं. एखादी मुलगी शेवटी विचारते, ‘सर, प्रत्येक कामाला किती तास लागले याची नोंद ठेवता का तुम्ही? आणि क्लायंटबरोबर करार करूनच काम सुरू करता ना?’ तिचं काम कितीही चांगलं असलं, तरी तिला घेऊ नये. सहा महिन्यांत ती थकलेल्या बिलांची यादी करेल, आणि पहिला फोन कोणाला करायचा, हे आपल्यालाच विचारेल.