स्प्लेंडर देताना आम्हाला विचारलं होतं का?

प्रति,
मा. भाऊसाहेब, नूतन डॉमिनारधारक,
सेलू, जि. वर्धा.

विषय : सामाईक मालमत्ता परस्पर एक्स्चेंजमध्ये दिल्याबाबत.

महोदय,

सर्वप्रथम अभिनंदन. आठ घोड्यांची गाडी देऊन चाळीस घोड्यांची आणलीत. हार घातलात, चाकाखाली लिंबू ठेवलंत, पेढे वाटलेत. पेढे आम्ही खाल्ले, आता तक्रार.

एमएच ३२ ची ती स्प्लेंडर कागदोपत्री तुमची होती, हे मान्य. पण आरसी बुकात वापरणाऱ्यांचा रकाना नसतो, त्याला आम्ही काय करणार? १९९४ साली ही गाडी बाजारात आली, तेव्हापासून गावोगाव तिची रीत एकच : नाव एकाचं, चाबी गल्लीची. तुमच्या गाडीचं कुलूप तर इतकं झिजलेलं, की आमच्या कपाटाची चाबीही चालायची. म्हणून दुपारी तुमची झोपमोड करत नव्हतो. युरियाची बॅग, ढेपेचं पोतं, फवारणीचा पंप, घोराडला केजाजी महाराजांच्या दर्शनाला निघालेली मावशी आणि तिच्या मांडीवर नातू, सगळं त्या सीटवर मावायचं. परवा मावशीनं नव्या गाडीला चक्कर मारून पाहिली. ‘हिच्यावर चढाले शिडी लागन, बापा,’ म्हणाली आणि ऑटोनं गेली.

बरं, या चाळीस घोड्यांचं करणार काय? समृद्धी महामार्ग येळाकेळीला हाताशी आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी खुला झाला, पण दुचाकीला तिथे बंदी. म्हणजे त्या रस्त्यापुरता तुमचा आणि आमच्या बैलबंडीचा दर्जा एकच. नागपूर-वर्धा चौपदरीवर मोटारसायकलला ८० ची मर्यादा. तेवढा वेग आपली स्प्लेंडरही काढायची, उतार असला आणि वारा पाठीशी असला तर. हिंगणीवरून बोरकडे जाल, तर तो २०१४ पासून व्याघ्रप्रकल्प. गुरगुरायचा मान तिथे दुसऱ्याचा आहे.

कराचं तर बोलूच नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाडीला १८ टक्के जीएसटी, त्यापुढे ४०. तुमची ३७३. वरच्या तेवीस सीसीपायी सरकारनं तुम्हाला कोल्ड्रिंकच्या पंगतीला बसवलं.

‘गाडी चाकणची असली तरी बजाज घराणं आपल्या वर्ध्याचं’ असं तुम्ही टपरीवर छाती फुगवून सांगता. खरं आहे. पण त्याच जमनालाल बजाजांनी गांधीजींना वर्ध्याला आणलं, आणि १९५१ साली विनोबा पवनारहून दिल्लीला निघाले ते पायी. घाई ही आपल्या जिल्ह्याची परंपरा नव्हे.

खरं सांगायचं तर आम्हाला वेगळाच संशय येतो आहे. नवी गाडी आल्यापासून तुमच्या दारात चाबी मागायला कोणी आलेलं नाही. येणार कसं? आडवी झाली तर उचलायला दोघं हवेत. पेट्रोल भरून परत द्यायची म्हटलं (आम्ही तसं करत नव्हतो, पण म्हटलं), तर टाकी पाहूनच पोटात गोळा येतो. स्प्लेंडरचं इंजिन डोळे मिटून खोलणारा आपला मिस्त्री हिच्यासमोर हात मागे बांधून उभा राहतो. अशी गाडी उसनी न्यायची छाती सेलूत कोणाची आहे? भाऊसाहेब, इतकी वर्षं तुम्हाला ‘नाही’ म्हणता आलं नाही, म्हणून तुम्ही कर्ज काढून दारात चाळीस घोडे बांधलेत. त्यापेक्षा नुसतं कुलूप बदललं असतंत, तर स्वस्तात पडलं असतं.

असो. एक कामाची गोष्ट. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या म्हणून निर्धास्त राहू नका. आरटीओत नाव बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावरच येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली सांगितलं आहे. शोरूमवाल्याच्या शब्दावर न राहता नाव बदलल्याची खात्री करा.

आणि बदललं, की नव्या मालकाचा पत्ता आम्हाला लगेच कळवा. सेलडोहचा असो, केळझरचा असो, माणूस मनमिळाऊ असला म्हणजे झालं. कपाटाची चाबी आम्ही जपून ठेवली आहे.

आपले,
गल्लीतील समस्त चाबीमागे