न हरलेला कॅप्टन

वाशिम जिल्ह्यात तालुके सहा: वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा. यांतल्या कुठल्या गावचा कॅप्टन मी सांगतोय, हे विचारू नका. सहाही गावांत तो आहे आणि प्रत्येक गावाला तो फक्त आपल्याकडेच आहे असं वाटतं. एस. टी. स्टँडसमोरच्या टपरीवर, बाकड्याच्या कोपऱ्यात, दुपारी चारनंतर तो हमखास सापडतो. वय पन्नाशीचं. पोट असं, की कबड्डीच्या वजनकाट्यावर पंच आधी त्यालाच बाजूला काढतील. डाव्या गुडघ्यावर कायमचा नी-कॅप. लग्नातसुद्धा तो पँटवरून घालतो, असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. लग्नात तो आतून घालतो.

कॅप्टनची आयुष्यातली कमाई एकच. तो कॉलेजच्या कबड्डी संघाचा कर्णधार असताना संघ अख्ख्या हंगामात एकदाही हरला नाही. “एक बी म्याच नाई बाप्पा. एक बी!” हे ऐकवायला त्याला नवा माणूस लागतो, कारण गावातले सगळे ऐकून बसलेत. म्हणून तर त्याने स्टँडसमोरची टपरी धरली. गाडीला अर्धा तास असलेला माणूस हा त्याचा हक्काचा श्रोता. पहिली चढाई संपेपर्यंत पुसदची गाडी निघून जाते, आणि दुसरी येईपर्यंत पाहुण्याला लोण चढलेला असतो.

तो हंगाम जिल्हा व्हायच्या आधीचा. वाशिम 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा निघाला. त्यामुळे आपण जुन्या, मोठ्या अकोला जिल्ह्यात अजिंक्य होतो, असा कॅप्टनचा हिशेब. सरकारने जिल्हा वाटून घेतला, पण विक्रमाची वाटणी झाली नाही. सामने मात्र झोनच्या चार कॉलेजांशी होते.

आता जरा आकडेमोड. पहिल्या सामन्याला समोरचा संघ आलाच नाही; यांना पुढे चाल मिळाली. (“घाबरले!” गाडी पंक्चर झाली होती.) दुसरा यांनी खरोखर जिंकला, तोही चांगला झगडून. शेवटच्या चढाईत बोनस मारून एका गुणाने. इथे मी कॅप्टनला पूर्ण मान देतो; ती चढाई पाहिलेले लोक आजही हात लावून दाखवतात, बोनसची रेषा कुठे होती आणि याचा पाय कुठे होता. तिसऱ्या सामन्यात दोन्हीकडच्या मास्तरांचं पंचांशी वाजलं आणि अंधार पडला. चौथ्याचा निकाल कॅप्टन सांगायचा, पण सांगताना चहा ढवळायचा.

पुढे अमरावतीला विद्यापीठाची स्पर्धा होती. तिथे संघ गेलाच नाही. महिना ऑक्टोबरचा. सातांपैकी चौघांच्या घरी सोयाबीनची सोंगणी निघालेली, आणि बापाने विळा हातात दिल्यावर “बाबा, मले चढाईले जायचं हाये” म्हणण्याची हिंमत वऱ्हाडात अजून कुठल्या पोराला झालेली नाही. उरलेले तिघे स्टँडवर आले, एकमेकांकडे पाहिलं, भजी खाल्ली आणि घरी गेले. हंगाम संपला. संघ हरला नाही.

यावरून त्याला छेडायला जाऊ नका. त्याच्याकडे आंतरराष्ट्रीय दाखला तयार असतो. एशियाडमध्ये कबड्डी 1990 ला आली. तेव्हापासून 2014 पर्यंत भारताच्या पुरुष संघाने ओळीने सात सुवर्णपदकं घेतली. मग 2018 ला जकार्तात इराणने उपांत्य फेरीत 27-18 ने पाडलं. अख्खा देश हळहळला. कॅप्टन टपरीवर चेहरा पाडून बसला, सगळ्यांना स्वतःच्या पैशाने चहा पाजला आणि हळूच म्हणाला, “सात झाले होते ना? मंग आठव्यांदा जायचंच कायले?” थोडं थांबून पुढे: “आता राह्यलो मी एकटाच.” 2023 ला हांगचौमध्ये भारताने इराणकडून ते सुवर्ण परत घेतलं, तर त्याला ते पटलं नाही. एकदा हरलेला तो हरलेलाच.

एकटा म्हणाला खरा, पण त्याने एका संघाला आपल्या भाऊबंदकीत घेतलंय. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवली होती. प्रात्यक्षिकात हारजीत नसते. “म्हंजे तेबी आमच्यासारखेच,” कॅप्टन समाधानाने म्हणतो.

मी त्याला एकदा अमेरिकेतल्या भाऊबंदांची गोष्ट सांगितली. तिकडे फुटबॉल म्हणतात तो खेळ म्हणजे एकाने चेंडू घेऊन पळायचं आणि बाकीच्यांनी त्याला आडवा पाडायचा. आपली कबड्डीच, फक्त हेल्मेट घालून. तिथल्या मायामी डॉल्फिन्स या संघाने 1972 च्या हंगामात 17 पैकी 17 सामने जिंकले. त्यानंतर त्या लीगमध्ये न हरता अजिंक्यपद कुणालाच जमलं नाही. 2007 च्या हंगामात न्यू इंग्लंड पेट्रियट्स सलग 18 जिंकून अंतिम सामन्यात आले आणि 17-14 असे हरले. दर वर्षी न हरलेला शेवटचा संघ हरला, की डॉल्फिन्सच्या त्या संघातली म्हातारी मंडळी शॅम्पेन उघडते, असं तिकडे सांगतात. कॅप्टनने डोळे मिटून सगळं ऐकलं. शॅम्पेनचं त्याला मनापासून पटलं. शंका एकच निघाली: “सतराच्या सतरा खेयले? तिकडं सोंगणी नसन.”

शॅम्पेनची जागा इथे चहाने घेतली आहे. कॉलेजच्या आजच्या संघाचा प्रत्येक सामना कॅप्टन बघतो. पहिल्या विजयाला टाळ्या वाजवतो. दुसऱ्या विजयानंतर खेळाच्या सरांना गाठतो: “पोरायले जरा आराम द्या, सर.” तिसरा जिंकला, की त्याला रात्री झोप येत नाही, आणि चौथ्या सामन्यात तो रेषेबाहेरून असा सल्ला देतो की ऐकणारा पोरगा थेट पकडीत सापडावा. संघ हरला की कॅप्टन फुलतो. हरलेल्या सगळ्या पोरांना टपरीवर नेऊन चहा आणि आलूभजी, एकेकाच्या पाठीवर हात. “हारनं-जितनं चालतेच बाप्पा. मी नाई हारलो, ते सोडा.” ही माया खोटी नसते, हे विशेष. पोरांनाही कळतं, त्यांच्यातल्या दोघा-तिघांनी तर हरल्यावर भजी मिळतात, हे गणित आधीच धरलेलं असतं.

पंचाईत मुलींनी केली. त्यांचा संघ झोनमध्ये सगळे सामने जिंकला. पुढे चाल नाही, अंधार नाही, मॅटवर, 30 सेकंदांच्या घड्याळासमोर. आणि सोंगणीच्या दिवसांत विळा बाजूला ठेवून अमरावतीलाही गेला. तिथे पहिल्याच सामन्यात हरला. परतल्यावर कॅप्टनने चहा सांगितला, तर कर्णधार पोरगी म्हणाली, “काका, आम्ही जाऊन हरलो. पैसे आम्ही देतो.” आणि दिलेसुद्धा. तेव्हापासून कॅप्टनचा हंगाम सांगताना चौथा सामना वगळला जातो.

तर वाशिमकडे याल आणि गाडीला वेळ असेल, तर टपरीवर बसण्याआधी कॉलेजचा संघ हरलाय का, तेवढी चौकशी करून घ्या. हरला असेल तर चहा फुकट. जिंकत असेल तर पैसे बरोबर ठेवा, आणि पुसदची गाडी काही झालं तरी सोडू नका.