वाकडं अंगण, बारा बोअरचं

सप्टेंबरची पहिली तारीख उजाडली की अमेरिकेच्या अनेक राज्यांत कापणी झालेल्या शेतांच्या कडेला माणसं स्टुलं टाकून बसतात आणि डोक्यावरून जाणाऱ्या होल्यांवर बार काढतात. हा होला आपल्याकडच्या होल्याचा चुलतभाऊ. वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका बऱ्या कांद्याएवढं, आणि त्यात खाण्याजोगं मांस दोन घास. टेक्सासात तेही मिरची घालून बेकनमध्ये गुंडाळतात, तेव्हा होल्याची चव कशी असते हे मिरचीलाच विचारावं. पाखरू भरात आलं की ताशी ऐंशी किलोमीटरच्या पुढे जातं, आणि सरळ रेषेत उडायचं त्याला कुणी शिकवलेलं नाही. बारा बोअरच्या एका काडतुसात आठ नंबरचे चारशेवर छर्रे मावतात, तरी एका होल्यामागे पाच-सहा काडतुसं गेली तर त्यात कुणाला लाज वाटत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणताना आपल्या हातात निदान कोंबडी तरी असते.

अशा पाखरासाठी कुणी नवी, खांद्याच्या मापाची बंदूक आणली तर ते समजण्यासारखं आहे. पण या गर्दीतले दर्दी लोक शंभर वर्षांची दुनळी घेऊन येतात : मेरिडनची पार्कर, फिलाडेल्फियाची फॉक्स, नाहीतर एल. सी. स्मिथ. माझा दावा असा की ही बंदूक होला पाडण्यासाठी नसतेच, तो का पडला नाही याचं कारण पुरवण्यासाठी असते. पुरावा बंदुकीच्याच अंगावर आहे. त्या काळच्या अमेरिकन बंदुकांचा दस्ता आजच्या मानाने फारच खाली झुकलेला. मान ताठ ठेवून नेम धरणाऱ्या कुणाच्या तरी पणजोबांना तो सोयीचा असेल, पणतूचा बार मात्र होल्याच्या पायाखालून जातो. नळ्यांची तोंडं जुन्या काडतुसांच्या हिशेबाने आवळलेली. आजच्या प्लॅस्टिकच्या डाटामुळे छर्रे आणखीच एकवटतात, आणि वीस पावलांवरच्या होल्याच्या शेपटीमागून सगळे मिळून निघून जातात. नळी दमास्कस पद्धतीची, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली असली, तर तिला पथ्यही सांभाळावं लागतं. ती काळ्या दारूवर वाढलेली. आजचं जोरकस काडतूस घातलं तर नळी फाटून बोटं जायची. म्हणून तिच्यासाठी कमी दाबाची काडतुसं शोधायची आणि दस्त्याला जवसाच्या तेलाने मालिश करायची. सासऱ्यांची इतकी बडदास्त कुणी ठेवत नाही. नाचता येईना अंगण वाकडं असं आपण हिणवून म्हणतो. इथे लोक लाखो रुपये मोजून खात्रीचं वाकडं अंगण घरी आणतात.

दर्दी यावर म्हणतील की हा खिलाडूपणाचा प्रश्न आहे. दुनळीत दोनच काडतुसं, म्हणजे पाखराला न्याय. ऐकायला हे उदात्त वाटतं. पण स्थलांतर करणाऱ्या पाखरांसाठी केंद्राचा कायदाच असा की कितीही काडतुसं गिळणारी बंदूक असली तरी तिच्यात डाट ठोकून ती तिनावर आणायची. तेव्हा हा सगळा न्याय एका काडतुसावर उभा आहे. दुसरा आक्षेप सौंदर्याचा. बगलेवरचं कोरीवकाम, अक्रोडाच्या लाकडातल्या रेषा, कवाड मिटावं तसा बंदूक मिटण्याचा तो आवाज! हे मला मान्य आहे. पण पैठणी नेसून कुणी चिखलात लावणीला उतरत नाही. शिवाय नळीवरून होल्याकडे बघणाऱ्याला बगलेवरचं कोरीवकाम दिसतही नाही. ते शेजाऱ्याला दिसतं, आणि त्याची तारीफ नेमक्या चुकलेल्या बारानंतर कानावर येते.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जीव घेण्याचा कसला विनोद? विस्कॉन्सिन राज्याने १९७१ मध्ये याच होल्याला शांततेचं प्रतीक ठरवलं आणि २००३ पासून त्याच्या शिकारीचा हंगाम सुरू केला. शांतता अशी रीतसर परवान्यावर टिपता येते. मिशिगनने शिकारीला परवानगी दिली, पण २००६ मध्ये मतदारांनी ती मोडीत काढली. आणि १ सप्टेंबर ही तारीखही जरा अवघडच, कारण १९१४ साली याच दिवशी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था गेली, प्रवासी कबुतरांच्या जातीतली शेवटची. अब्जावधींचे ते थवे जाळ्यांनी आणि त्या काळच्या बंदुकांनी संपवले. होला टिकला त्याचं मोठं श्रेय त्याच्या संसाराला आहे. प्रवासी कबुतराच्या घरट्यात एकच अंडं असे. होल्याची जोडी दोन-दोन अंड्यांच्या अनेक विणी एका वर्षात उरकते. काही श्रेय १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याला. तरीही वर्षाला कोटीच्या आसपास होले पडतातच, आणि ते बहुतेक नव्या बंदुकांच्या वाट्याचे असावेत असा माझा संशय आहे. होल्यांना मत देता आलं असतं तर पार्करचा १९४२ च्या सुमारास थांबलेला कारखाना त्यांनी पुन्हा सुरू करून घेतला असता, दस्ता आणखी दोन बोटं झुकवण्याच्या अटीवर.