नातीचा अमेरिकन इतिहास कसा घ्यावा

सदर सूचना मुलाकडे सहा महिने राहायला अमेरिकेत येणाऱ्या आजोबांसाठी आहेत, त्यातही जन्मभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्यांसाठी. घरात अकरावीतली नात आहे, मे महिन्यात तिची 'एपुश' नावाची परीक्षा आहे आणि एपुश म्हणजे अमेरिकेचा इतिहास, एवढं कळल्यावर असा आजोबा स्वस्थ बसत नाही. मुलगा म्हणतो, "बाबा, तिचं ती करेल." तिकडे लक्ष देऊ नये. त्याचाही अभ्यास आपणच घेतला होता आणि तेव्हाही त्याची कुरकुर अशीच असायची.

कलम १. सनावळी विचारू नये. मोह होतो. "१८१२चं युद्ध कधी संपलं?" हा प्रश्न तर जिभेवर येऊन बसतो, कारण तहावर सह्या झाल्या डिसेंबर १८१४ मध्ये आणि न्यू ऑर्लिन्सची लढाई झाली जानेवारी १८१५ मध्ये, तहाची बातमी पोचायच्या आत. पहिल्या बाकावरच्यांनाही घाम फोडणारा प्रश्न. पण इथे असलं काही विचारतच नाहीत. पंचावन्न बहुपर्यायी प्रश्न, तेही उताऱ्याला, व्यंगचित्राला नाहीतर नकाशाला बांधलेले. आणि विचारायचं काय, तर हे कशामुळे झालं, यातून पुढे काय निघालं. गाळलेल्या जागा नाहीत, जोड्या लावा नाही. कसली परीक्षा ही!

तरी चार-पाच सालं एका दोऱ्यात ओवून द्यावीत. गुलामगिरीचा वाद भाऊबंदकीतल्या बांधासारखा शिकवला की चटकन उतरतो. १८२० मध्ये बांध घातला: मिसुरी गुलामीचं राज्य, मेन मुक्त, म्हणजे सिनेटमध्ये दोन्हीकडे सारखी डोकी, आणि मिसुरी वगळता पश्चिमेच्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटांच्या उत्तरेला गुलामगिरी नाही. १८५० मध्ये कॅलिफोर्निया मुक्त राज्य म्हणून घेतलं, बदल्यात दक्षिणेला पळालेले गुलाम धरून देण्याचा कडक कायदा मिळाला. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने बांधावरून नांगरच फिरवला. आणि १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, असा बांध घालायचा अधिकार काँग्रेसला मुळात नव्हताच. पुढे युद्ध का पेटलं, ते नात आपण होऊन सांगते. सांगू द्यावं. मध्ये बोलू नये. (हे पोटकलम सर्वांत अवघड.)

कलम २. राष्ट्राध्यक्षांची यादी पाठ करून घेऊ नये. दोन अ‍ॅडम्स, दोन हॅरिसन, दोन जॉन्सन, आणि क्लीव्हलंड तर बाविसावाही तोच नि चोविसावाही तोच. मात्र झॅकरी टेलर सोडू नये. १८५० च्या चार जुलैला उन्हातून येऊन या गृहस्थांनी चेरी खाल्ल्या, वर बर्फाचं दूध प्यायले आणि पाच दिवसांत गेले, असं सांगतात. आमच्या सौ. ना अमेरिकेच्या इतिहासातलं एवढंच पटलं. पण गंमत पुढे आहे. वर सांगितलेल्या १८५० च्या तडजोडीला टेलरचा विरोध होता; त्यांच्या जागी आलेल्या फिलमोरने त्यावर मुकाट्याने सह्या केल्या. फिलमोर लक्षात ठेवायचा तो एवढ्यासाठी.

कलम ३. आयात शुल्काचा कंटाळा करू नये. १८२८, १८९०, १९३०. तो कंटाळा परीक्षकालाही ठाऊक असतो.

कलम ४. लिंकन रिपब्लिकन आणि दक्षिण डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला, हे ऐकून आजोबा गोंधळतात. आपल्याकडे आमदार पक्ष बदलतात. तिथे मतदारांनी पक्ष बदलले. विशेषतः १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर. आणि तेही एका रात्रीत, हॉटेलात वगैरे बसून नव्हे.

कलम ५. 'डीबीक्यू' नावाचा प्रकार शांत चित्ताने घ्यावा. सात कागदपत्रं हातात देतात, वाचण्यासकट एक तास, आणि निबंध. आपली पाच मुद्द्यांची, उपशीर्षकं अधोरेखित केलेली उत्तरं इथे चालत नाहीत. आधी एक ठाम विधान करायचं, मग त्यालाच "हे खरं, पण" म्हणायचं. कागद कोणी लिहिला, कोणासाठी, त्याला त्यातून काय साधायचं होतं, हे सांगायचं. आमच्या शाळेत "पण" म्हणणाऱ्याला बाकावर उभं करत.

सरावासाठी म्हणून मी तिला महात्मा फुल्यांची 'गुलामगिरी' दाखवली. १८७३ चं पुस्तक, गुलामगिरी मोडल्याबद्दल अमेरिकेच्या लोकांना अर्पण केलेलं. छाती फुगवून सांगितलं. ती साल बघून म्हणाली, "आबा, त्याच वर्षी लुइझियानात कोलफॅक्सला मुक्त झालेल्या काळ्या लोकांची कत्तल झाली होती. आणि १८७७ मध्ये तर दक्षिणेतलं लष्करी संरक्षणही काढून घेतलं." मी गप्प. मग तिने अर्पणपत्रिका पुन्हा वाचली, पेन्सिल चावत. म्हणाली, "पण हे त्यांनी अमेरिकेसाठी लिहिलेलंच नाहीये. बघा, तुम्ही तरी यांच्यासारखं करा, असं ते आपल्या लोकांना म्हणतायत. हा पर्पज झाला." आणि तीच पेन्सिल कानावर खोचून फ्रिजकडे गेली. इतका नेमका मुद्दा मी उत्तरपत्रिकांच्या ढिगाऱ्यात शोधत बसायचो. तोंडावर शाबासकी देऊ नये, असा आमचा जुना नियम. त्यामुळे मी फक्त अक्षर सुधार म्हटलं.

कलम ६. निकाल जुलैत लागतो आणि गुण एक ते पाचपर्यंतच असतात. पाच म्हणजे सर्वोच्च. गावी फोनवर "नातीला इतिहासात पाच मिळाले" असं चुकूनही सांगू नये. पलीकडून थोडा वेळ आवाज येत नाही, आणि मग कोणीतरी हळूच विचारतं, "गुरुजी, तुम्ही घेत होतात ना अभ्यास?"